बोलिव्हियाला समुद्र मिळाला तो उन्हाळा

बैल कमी होत गेले तसं आमच्या ताटातलं जेवणही कमी होत गेलं. हे दोन्ही एका वाक्यात सांगितलं की शहरातली माणसं गोंधळतात, म्हणून फोड करून सांगते. माझे वडील, आप्पा, बैलांचा साज विकायचे. कासरे, वेसणी, गोंडे, घुंगरमाळा. पाचोडचा आठवडी बाजार हा आमचा मोठा दिवस, बाकीचे वार आसपासच्या लहान बाजारांचे. ताडपत्री अंथरायची, दोरखंडाच्या गुंडाळ्या मांडायच्या आणि येणाऱ्याच्या हातातली पिशवी बघून तो घेणारा आहे की नुसता बघणारा ते ओळखायचं. माय घरी घायपाताच्या दोऱ्या वळायची. तिच्या तळहातावर हळद लावली तरी ती चिरांमध्येच जाऊन बसायची. मग गावोगाव ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला वेसण लागत नाही. पोळ्याच्या आधीचा पंधरवडा सोडला तर आप्पांच्या ताडपत्रीपुढं वर्षभर शुकशुकाट.

संध्याकाळी माय विचारायची, "खपलं का काही?"

आप्पा म्हणायचे, "बघून गेले लई जण."

हा आमच्या घरातला नेहमीचा विनोद. आम्ही त्यावर खरोखर हसायचो. 'बघून गेले लई जण' म्हणजे आज वरण नाही, ठेचा आणि भाकरी, हे आम्हा भावंडांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. कीव यावी म्हणून मी हे सांगत नाही. कीव मला आवडत नाही. आम्ही कुठून निघालो ते ठाऊक असलं म्हणजे पुढचं नीट कळतं, एवढंच.

एप्रिल लागला की हे सगळं अंगात पुन्हा जागं होतं. मी रोज नोकरीला फुलंब्रीला जाते-येते. सकाळी क्रांती चौकातल्या सिग्नलला शेअर रिक्षा थांबते, आणि या दिवसांत तिच्यात हमखास एक तरी मुलगी असते, मांडीवर गाईड, तोंडाला स्कार्फ, स्कार्फाच्या आत ओठ हलतायत. झेरॉक्सच्या दुकानांपुढं घोळके. कडुनिंबाचा मोहर रस्त्यावर सांडलेला, आणि त्या कडवट गोड वासात कुणाच्या तरी कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास मिसळलेला. हा वास आला की लोकांना परीक्षेची भीती आठवते. मला आठवतो तो माऊस. डाव्या बटणाला चीर गेलेला, दाबला की कट्ट वाजणारा माऊस. आणि दक्षिण अमेरिकेचा नकाशा. वय वाढलं तरी छाती तशीच धडधडायला लागते, खोटं कशाला बोलू.

बी.ए.चं शेवटचं वर्ष. सगळे विषय निघाले होते, एक अडकला होता. आंतरराष्ट्रीय राजकारण. मी वर्षभर गाईड पाठ केलं होतं. सत्तासमतोल म्हणजे काय, राष्ट्रीय हित म्हणजे काय, व्याख्या एका दमात म्हणून दाखवायचे. पेपरात प्रश्न जरा फिरवून आला आणि माझी पाटी कोरी. पाठ केलेलं एकदा सुटलं की सुटलंच, त्याला धरायला आत काही नव्हतं. विषय बॅक राहिला. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शहरातली खोली ठेवायची, मिळेल ते शिकवणीचं काम करायचं आणि एका पेपरसाठी थांबायचं. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी पदवीच्या उंबऱ्यावर येऊन अडखळले होते, आणि उंबऱ्यावर फार वेळ उभं राहता येत नाही, मागून लोक बोलायला लागतात.

तेव्हा रुबीना भेटली. तशी वर्गातलीच, पण आधी नुसती ओळख. तिचा तो विषय पहिल्याच फटक्यात निघाला होता. लायब्ररीत मला गाईडवर डोकं टेकवून बसलेली बघून म्हणाली, "अगे सुनीता, ये किताब से नै होता. घर आ मेरे. कूलर बी है, दुनिया बी है."

कूलरसाठी गेले. दुनिया तिथं गेल्यावर कळली.

रुबीनाचे अब्बू घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि प्रिंटर दुरुस्त करायचे. मधल्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता, गिऱ्हाइकांच्या निरुपयोगी भागांतून उभा केलेला. त्याची पाठ उघडीच असायची आणि तिच्यापुढं टेबलफॅन. त्यात एक खेळ होता. मूळ नाव काय होतं देव जाणे. सीडी कॉपी केलेली, आणि तिच्यावर अब्बूंनी मार्करनं लिहिलं होतं: दुनिया. मग आम्हीही तेच म्हणायचो. दुनिया लाव. दुनिया अडकली. दुनिया सेव्ह कर, लाइट जायलीय.

तेव्हाच तो खेळ जुना होता. नवीन खेळांत माणसं चालतात, पळतात, केस उडतात. दुनियेत नुसता नकाशा. सगळ्या देशांच्या सीमा, त्यांच्यावर मुंगीएवढे रणगाडे, आणि कडेला एकामागून एक उघडणारी पानं: धान्य, वीज, तेल, शाळा, सैन्य, तह. पण त्याची खरी कमाल निराळी होती. तुम्ही कुठलाही देश घेऊ शकता. बलाढ्य असेल तो घ्या, नाहीतर नकाशावर करंगळीनं झाकला जाईल असा घ्या. त्या देशाच्या खुर्चीत बसा आणि तिथून जगाकडं बघा. मी तोवर जग एकाच ठिकाणाहून बघितलं होतं, तेही खालून वर. त्या दुपारी मला कुणीतरी विचारलं की तुला कुठून बघायचंय. 

रुबीना म्हणाली, "इंडिया ले. आसान है."

मी नकाशा फिरवत राहिले आणि बोलिव्हियावर थांबले. चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या जमिनी, कुठंच निळं नाही. आमच्या मराठवाड्यासारखा. आम्हालाही समुद्र बघायचा तर दुसऱ्याच्या मुलखात जावं लागतं.

"पागल है क्या? इसको तो समंदर बी नै है!"

"म्हणूनच."

"हौ, ले फिर. रो मत बाद में."

खेळ सुरू झाला की इंग्रजीत मंत्र्याचा खर्जातला आवाज यायचा आणि 'मिस्टर प्रेसिडेंट' म्हणून सलाम करायचा. खुर्चीत बाई बसली असेल ही शक्यता बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आली नव्हती. रुबीना दरवेळी उठून ओढणी सावरून वाकायची, "फरमाइए, मिस्टर प्रेसिडेंट साहेबा." तो विनोद आम्हाला कधीच शिळा वाटला नाही.

आता माझी पहिली चूक. ती आमच्याकडचं माणूसच करू जाणे. गादीवर बसल्या बसल्या मी सगळ्या शेजाऱ्यांना आहेर केला. आमच्यात नवीन घरोबा करायचा तर आधी आपण न्यायचं असतं. लुगडं, टॉवेल-टोपी, जे जमेल ते. पुढचा माणूस ते विसरत नाही. तुमच्या घरी कार्य निघालं की त्याच्याकडून तेवढंच, किंवा वर थोडं, परत येतं. मग मी पेरूला धान्य पाठवलं, अर्जेंटिनाला गॅस, चिलीला लाकूड, आणि पॅराग्वे सगळ्यांत गरीब दिसला म्हणून त्याला सगळ्यांत जास्त. रुबीना नुसती बघत होती. माझी कोठारं रिकामी. मी हात जोडून वाट बघतेय की आता परतीचा आहेर येईल. आणि एका दुपारी पॅराग्वेनं युद्ध पुकारलं.

मी किंचाळलेच. "अगं, ह्याला तर मी एवढं दिलं होतं!"

रुबीना हसून हसून पलंगावर आडवी. "अगे, ये क्या शादी है? न्योता लिख के रखा उसने?"

"लाज बिज काही असते का नाही?"

"नै रहती. किताब में क्या लिखा है? राष्ट्रीय हित. उसका हित तेरी खाली कोठी देखने में था."

वर्षभर पाठ केलेली व्याख्या तेव्हा पहिल्यांदा टोचली. टोचली म्हणजे कळली. त्या दिवशी खोलीवर परत जाताना मी रस्त्यातून जवळजवळ पळत होते. हरलेलं माणूस एवढं खूश कसं, असं कुणाला वाटलं असेल.

पण एक सांगते. इतक्या वर्षांनी हा खेळ पुन्हा खेळताना मला वाटतं, ती नुसती माझी चूक नव्हती, खेळाचीही खोट होती. दुनियेत आठवण नाही. तुम्ही कुणाला दुष्काळात धान्य दिलंत, त्याचं सैन्य वाचवलंत, तर नात्याचा एक आकडा वर सरकतो आणि मग हळूहळू आपोआप खाली येतो, उन्हात पाण्याची बादली आटावी तसा. खरे देश स्वार्थी असतील, असतातच. पण विसराळू नसतात. उपकार विसरले तरी अपमान पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. बोलिव्हियाचा समुद्रकिनारा फार पूर्वी एका लढाईत चिलीकडं गेला, आणि समुद्र नसलेला तो देश आजही आपलं नौदल राखून आहे, एका सरोवरावर. हे मी नंतर वाचलं तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. दुनियेतल्या बोलिव्हियाला नौदल नव्हतं. बनवणाऱ्यांनी किनारा नाही म्हणजे जहाज नाही असं साधं गणित मांडलं होतं. हेका कशाला म्हणतात ते त्यांच्या गणितात बसलं नाही.

आणखी मोठी खोट म्हणजे त्या जगात पाऊस नाही. खरंच नाही. शेतीचं पान उघडा, दरसाल तेवढंच धान्य. मृग कोरडा गेला, परतीचा आला नाही, टँकर लावले, काही भानगड नाही. मी कितीतरी दुपारी ते पान पुन्हापुन्हा उघडून बघितलं, की कुठं तरी आभाळाचं बटण असेल. आमच्याकडं सगळं राजकारण पाण्यापासून सुरू होतं आणि पाण्यापाशी येऊन थांबतं. ज्यानं हा खेळ बनवला त्यानं नळ सोडला की पाणी येतं अशाच गावात जन्म घेतला असणार. बरं, त्याचा राग नाही. उलट तेवढा काळ दुष्काळ नसलेल्या देशावर राज्य करायला मिळालं, ही चैनच.

बाकी बारीकसारीक खोटी तर विचारू नका. रणगाडे नदीच्या वळणावर तोंडं एकमेकांत घालून अडकायचे. मंत्री तोच इशारा पुन्हापुन्हा द्यायचा. ब्राझील मधूनच कुठल्या तरी लांबच्या बेटाशी वैर धरायचा, कारण नाही काही नाही. आणि आमचं शहर नकाशावर नव्हतंच. अख्ख्या महाराष्ट्राला दोन ठिपके, त्यातला एकही आमचा नाही. जुनंही नाव नाही, नवंही नाही. यावर रुबीना आणि मी खूप हसलो होतो. बाहेर लोक शहराच्या नावावरून तावातावानं बोलत असायचे आणि आत दुनियेला आमचा पत्ताच नव्हता.

पण तहाचं पान! त्यासाठी सगळं माफ. डावीकडं तुम्ही काय देता ते ठेवायचं, उजवीकडं काय मागता ते. मधे एक पट्टी. समोरच्याला परवडत नसेल तर लाल, परवडलं की हिरवी. मी ते पहिल्यांदा बघितलं आणि मला पाचोडचा बैलबाजार दिसला. दोन माणसं समोरासमोर, हातावर उपरणं टाकलेलं, आत बोटांनी भाव चाललेला, आणि दोघांचे चेहरे असे की जणू हवापाण्याच्या गप्पा. ते मी लहानपणापासून बघत आले होते. आता मी अर्जेंटिनाशी बोटं दाबत होते. फुकट देणं बंद केलं. गॅस अर्जेंटिनाला, गॅस ब्राझीलला, दोघांच्या चुली माझ्यावर पेटत्या. पेरूशी संरक्षणाचा करार. कुणा एकाचं वजन वाढलं की दुसऱ्या बाजूला जरा सरकायचं. रुबीना कडेनं गाईड उघडून मोठ्यानं वाचायची आणि मी पडद्यावर तेच करायचे. "सत्तासमतोलाची साधनं," ती शुद्ध मराठीत ओरडायची, "भरपाई! युती! हस्तक्षेप!" आणि खाला, म्हणजे तिची अम्मी, स्वयंपाकघरातून विचारायची, "किसपे चिल्ला रई?"

एकदा आप्पा आले. पाचोडचा बाजार आटोपून, डब्यात भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन. खोलीला कुलूप होतं, शेजारणीनं त्यांना रुबीनाचा पत्ता दिला. मला वाटलं आता रागावणार. पोरगी अभ्यास सोडून खेळ खेळतेय. आप्पांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, पडद्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हा कोण म्हनायचा बारका?"

"पॅराग्वे. यानंच दगा दिला होता आप्पा, आहेर घेऊन."

"घेऊन?" आप्पा सरसावून बसले. "मग बघती काय? घे की त्याला!"

"तसं नसतं आप्पा, समतोल असतो..."

"समतोल गेला खड्ड्यात. आपले रणगाडे हायेत ना? हाण."

जन्मभर गिऱ्हाइकाला 'बघा मालक, नाय परवडत तर ऱ्हाऊ द्या' म्हणणारा माणूस. रुबीनाला चेव आला. "चाचा सही बोल रए! हमला!" दोघांपुढं माझं काय चालणार. केला हल्ला. रणगाडे निघाले, सीमा ओलांडली, आणि भर जंगलात थांबले. तेल संपलं. मंत्री खर्जात तेच ते सांगतोय, मिस्टर प्रेसिडेंट, मिस्टर प्रेसिडेंट. ब्राझीलनं संधी साधून पूर्वेचा प्रांत गिळला.

आप्पांनी हळूच टोपी डोक्यावर घातली. "आता?"

"आता काय, मागचं सेव्ह केलेलं उघडायचं चाचा." रुबीनानं दोन बटणं दाबली. बोलिव्हिया जसाच्या तसा.

"म्हंजे झालेलं पुसलं?"

"हौ."

"हे लई बेस हाय," आप्पा म्हणाले, आणि चहा संपेपर्यंत त्याच कौतुकात होते.

मग मला बसस्टँडपर्यंत सोबत घेतलं. वाटेत म्हणाले, "सुनी, ह्या खेपंला निगाला पेपर तर निगाला. नाय निगाला तर खोली सोड आन घरी ये. तुझ्या मायचं हात आता चालंना गेलेत दोऱ्यावर. मी काय वढून न्यायलो नाय तुला. पण आनखी एक खेप आपल्याच्यानं व्हायची नाय."

रागावून बोलले असते तर भांडता आलं असतं. ते नेहमीच्याच आवाजात बोलले. मी 'व्हय' म्हणाले. बस निघाली तरी तिथंच उभी होते, हातात रिकामा डबा.

त्यानंतरच्या दुपारी मी खेळले ते निराळ्या जिद्दीनं. सकाळी वाचायचं, दुपारी दुनियेत ते करून बघायचं, संध्याकाळी न बघता आपल्या शब्दांत लिहून काढायचं. पुस्तकातलं एक एक कलम मला पडद्यावर सापडायला लागलं. आणि एक गोष्ट मी मनात धरली: बोलिव्हियाला समुद्र द्यायचा. लढून नाही. तहाच्या पानावर.

चिलीला वीज कमी पडत होती, ते मी हेरून ठेवलं होतं. वीज मांडली. बदल्यात उत्तरेचा वाळवंटी किनारा मागितला. पट्टी लालभडक. गॅस वाढवला, लाल. अर्जेंटिनाशी मैत्री घट्ट केली, ब्राझीलची नाराजी काढली, पेरू तर बाजूला होताच. पुन्हा मांडलं. तांबूस. रुबीना नखं खात होती. टेबलफॅन घरघरत होता, आणि तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस पीं पीं करायला लागला. "सेव कर, सेव कर!" मी सेव्ह केलं, पण पान बंद केलं नाही. आणखी थोडी वीज ठेवली, वर कर्जमाफी नाही, तेल नाही, फक्त पेरूबरोबरच्या कराराची एक प्रत समोर सरकवावी तशी चिलीला आठवण, की बघ, तुझे सगळे शेजारी माझ्याकडं बसलेत. पट्टी हिरवी झाली. मी बटण दाबलं. कट्ट.

नकाशाचा तो उभा तुकडा रंग बदलून आमचा झाला, आणि बोलिव्हियाची कड निळ्याला टेकली.

आम्ही दोघी इतक्या ओरडलो की खाला पिठाचे हात घेऊन धावत आली. "क्या हुआ? क्या हुआ?"

"अम्मी, समंदर मिला!"

"किसको?"

"बोलिव्हिया को!"

खालानं आमच्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं. तेवढ्यात यूपीएस मान टाकून बंद पडला आणि पडदा काळा. "अल्ला का शुकर है," ती म्हणाली. "अब हात धोके खाना खाओ."

मी आजवर अनेक गोष्टी मिळवल्या, पण त्या दुपारसारखं जेवण मला आठवत नाही. साधी खिचडी आणि खट्टा, चिंचेचं आंबट सार. वाफेतून रुबीनाचा चेहरा, आणि डोक्यात लाटांचा आवाज. मी समुद्र तोवर बघितलेलाही नव्हता.

पेपरच्या दिवशी हॉलमध्ये पंखा होता, तो फिरतोय की थरथरतोय ते कळत नव्हतं. प्रश्न आला: सत्तासमतोलाची संकल्पना उदाहरणांसह स्पष्ट करा. मी पेन उचललं आणि नंतर खाली ठेवल्याचं आठवत नाही. लिहिताना हसू येत होतं. एका बाजूला वजन वाढलं की लहान देश काय करतो, फुकटच्या दानानं मैत्री का टिकत नाही, दोघा मोठ्यांची गरज बनून मधला कसा तगतो. सगळं डोळ्यांपुढं, रंगीत. पुरवणी मागितली. पर्यवेक्षक बाईंनी दोनदा बघितलं माझ्याकडं. उदाहरणं द्यायची होती, ती दिली. घंटा झाली तेव्हा माझा हात शाईनं माखलेला आणि मी अशी बाहेर आले की जणू गुलाल लागलाय.

फाटकाशी रुबीना उभी होती. "कैसा गया?"

"फाडला!"

"मिसाल कौन सी दी?"

"युरोपची एक, शीतयुद्धाची एक. आणि बोलिव्हियाची."

रुबीना चालता चालता थांबली. "कौन सा बोलिव्हिया?"

"म्हणजे काय कौन सा? वाटाघाटी करून चिलीकडून किनारा परत घेतला तो."

"सुनी." तिनं माझा दंड धरला. "वो अपनेवाला बोलिव्हिया है. असलीवाले को समंदर नै मिला."

रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या, कुल्फीवाला घंटी वाजवत होता, मला काहीही ऐकू येईना. मी सरकारमान्य उत्तरपत्रिकेत, निळ्या शाईत, खाली रेघ मारून, रुबीनाच्या मधल्या खोलीत झालेला करार लिहून आले होते. वर 'हे या संकल्पनेचं उत्तम उदाहरण होय' असंही. तिनं मला उसाचा रस पाजला. स्वतः आधी हसू दाबत होती, मग दाबता येईना, मग मलाही येईना. रसवाल्यानं विचारलं, "पेपर सोपा गेला वाटतं ताई?" त्यावर तर आम्ही दोघी बाकड्यावर कोसळलोच. पण खोलीवर आल्यावर हसू पार गेलं. त्या प्रश्नाचे गुण गेले तर विषय जातो, आणि विषय गेला तर खोली.

घरी जाऊन आप्पांना सांगितलं. ते अंगणात सुताच्या गोंड्याला रंग देत होते.

"म्हंजे खोटं लिवलंस?"

"खोटं नाही आप्पा. झालं होतं ते. कॉम्प्युटरवर."

"तुझ्या म्होरं झालं?"

"मीच केलं."

"मग खोटं कसं?" आप्पा म्हणाले. "तपासनाऱ्याला पटलं पायजे, यवढंच." माय दारातून म्हणाली, "तुमी तपासायला असता तर पोरगी पैली आली असती." मग निकालापर्यंत बाजारात मी आप्पांसोबत ताडपत्रीवर बसत होते, दोरखंड मोजून देत होते, आणि मनात उत्तर पुन्हापुन्हा तपासत होते. कधी दयाळू व्हायचे, कधी शून्य द्यायचे.

या एप्रिलमध्ये रुबीनानं ती दुनिया माझ्या लॅपटॉपवर घालून दिली. अब्बूंचं दुकान आता तिचं आहे. पुढच्या खोलीत तीच बसते आणि गिऱ्हाइकांना दटावते. नवीन विंडोजमध्ये जुना खेळ चालत नाही, तिनं काहीतरी खटपटी करून चालवला. रविवारी दुपारी मी उघडते. जग केवढं बदललं आणि हा नकाशा तिथंच उभा आहे. मधल्या काळात जन्मलेले देश त्यात नाहीत. लढाई म्हणजे अजूनही एक आकडा कमी होणं, बस. टीव्हीवर लढाईच्या बातम्या बघून झाल्यावर तो आकडा कमी होताना बघवत नाही, हे मात्र नवीन. तेव्हा बघवत होतं. पण तहाचं पान उघडलं की मी पुन्हा तीच, खुर्चीच्या टोकावर बसलेली. आता चकचकीत नवे खेळ आलेत, भाचा दाखवतो. त्यांत ढग आहेत, पाऊसही आहे म्हणे. मी म्हटलं, छान आहे. आणि माझा जुना नकाशा उघडून बसले. ज्या खेळाच्या खोटी आपल्याला पाठ असतात तो आपला झालेला असतो. यावेळी मंगोलिया घेतलाय. रुबीना फोनवर म्हणते, "फिर बिना समंदर का? तू सुधरेगी नै."

निकाल लागला तो दिवस पाचोडच्या बाजाराचाच. आप्पा बाजारात, मी शहरात रुबीनाच्या मधल्या खोलीत. निकालाचं पान उघडता उघडत नव्हतं, सगळं विद्यापीठ एकाच दारातून आत घुसत असल्यासारखं. रुबीना दाबतेय, पांढरं. पुन्हा, पांढरं. खाला दारात तसबीची माळ घेऊन उभी. अब्बू पुढच्या खोलीतून येऊन तारा हलवून गेले. आणि एकदम पान उघडलं, आणि मला काही दिसेना, डोळ्यांपुढं नुसती अक्षरं नाचत होती.

"पढ ना!" मी म्हणाले.

रुबीनानं बोट ठेवून वाचलं. नाव. बैठक क्रमांक. आंतरराष्ट्रीय राजकारण. उत्तीर्ण. आणि गुण काठावरचे नव्हते, चांगले घसघशीत होते. तपासणाऱ्यांनी बोलिव्हिया माफ केला की त्यांनाही पटला, ते मला आजतागायत माहीत नाही.

मी आप्पांना फोन लावला. मागं बाजाराचा गलका, कुणीतरी मिरच्यांचा भाव ओरडतंय.

"आप्पा, निघाला."

"आं?"

"पेपर निघाला! पास झाले मी!"

मग आप्पा शेजारच्या दुकानदाराला सांगत असलेले ऐकू आले, माझ्याशी नाही, त्याच्याशी, मोठ्यानं, "आमची सुनी बी.ए. झाली."

झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.